पहिली पाहुणी

रिकाम्या घरात पहिलं शिरायला कोणाला आवडत नाही. फाटकाशी पाटी लावलेली असते, दार सताड उघडं असतं, दारात एजंट हसतमुखाने उभा असतो, तरी माणसं पलीकडच्या फुटपाथवर घुटमळत राहतात. आत पाऊल टाकलं की घर गळ्यातच पडणार, असा काहीतरी त्यांचा समज असतो. मग कोणीतरी एक जण शिरतो. तो शिरला की बाकीचे आपसूक मागून येतात आणि आपण कधी बिचकलोच नव्हतो अशा थाटात भिंतींवर टकटक करून बघतात.

तर हे जे कोणीतरी पहिलं शिरायचं, ती चावीवाल्याची बायको.

चावीवाला हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. घरांच्या खरेदीविक्रीतला तो एजंट. पट्ट्याला कायम चाव्यांचा जुडगा, चालताना खुळखुळ, म्हणून धंद्यातल्या लोकांनी ठेवलेलं हे नाव. त्याच्या बायकोला तीच मंडळी पाठीमागे 'पहिली पाहुणी' म्हणायची. तिच्या कानावर ते आलं होतं. तिला वाईट वाटलं नाही. उलट सुरुवातीची बरीच वर्षं तिला त्याचा अभिमानच वाटायचा, आणि ऐकणाऱ्याला राग येतो तो नेमका ह्याचाच.

रविवारी सकाळी घर सगळ्यांना बघायला खुलं ठेवायचं, ह्या कामात चावीवाल्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मालकमंडळींना तो आदल्या दिवशीच बजावून ठेवायचा, की उद्या दुपारपर्यंत इकडे फिरकायचं नाही. मालक घरात असला की गिऱ्हाईक संकोचतं, कपाट उघडून बघत नाही, आणि कपाट उघडल्याशिवाय कोणी घर घेत नाही. भिंतीवरचे घरच्यांचे फोटो उतरवायचे, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या काढायच्या, निम्मं सामान नजरेआड करायचं. लख्ख ऊन असलं तरी सगळे दिवे लावायचे. आणि भिंतीला ओल असेल तिथे आरसा टांगायचा. भिंतीवर आरसा दिसला की माणूस भिंत बघत नाही, स्वतःचे केस बघतो, असं तो म्हणायचा, आणि त्यात काही खोटं नव्हतं. हा आरसा त्याच्या स्वतःच्या घरातला. त्यामुळे दर रविवारी सकाळी ह्यांच्या घरात आरसा नसायचा, आणि बायको अंदाजाने भांग पाडून निघायची.

ती बसने यायची आणि एक थांबा आधी उतरायची. चांगले कपडे, चांगली पर्स, चेहऱ्यावर थोडी घाई. फाटकापाशी क्षणभर थांबून पाटी वाचायची आणि सरळ आत. दारात नवरा तिला म्हणायचा, "या मॅडम, बघा निवांत." ती मान हलवायची. बाकीचं काम तिने स्वतःच्या डोक्याने बसवलं होतं. घराची तोंडभर स्तुती करायची नाही, त्याने लोक सावध होतात. स्वयंपाकघरात नळ सोडायचा आणि स्वतःशीच म्हणावं तसं म्हणायचं, "पाण्याला जोर आहे." मग पर्समधून शिवणकामाची टेप काढायची आणि झोपायच्या खोलीतली भिंत मोजायची. एखादी बाई कपाट कुठे मावेल ते मोजते आहे, हे दिसलं की मागच्या जोडप्याचा जीव वरखाली व्हायला लागतो. आत्तापर्यंत ज्या घरात त्यांना छत ठेंगणं दिसत होतं, तेच घर हातचं जाईल अशी धास्ती वाटायला लागते. शेवटी ती दारापाशी येऊन म्हणायची, "छान आहे. असं घर रोज मिळत नाही. घरी विचारून सांगते." मग चावीवाला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तिला म्हणायचा, "विचार करा मॅडम, पण विचार करत बसलं की घर जातं." ते घर बहुधा त्याच आठवड्यात जायचं.

मुलगी लहान असताना तिला घरी एकटं ठेवता येत नसे, तेव्हा तिलाही बरोबर न्यावं लागे. तिला पढवून ठेवलं होतं, की रविवारी बाबांना काका म्हणायचं. पोरगी हुशार, तिला हा खेळ वाटायचा. एकदा मात्र तिने सोमवारी, शाळेच्या दारात, सगळ्यांसमोर बापाला काका म्हणून हाक मारली. चावीवाल्याने हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं हसत हसत सांगितला. मुलगी मोठी होऊन लग्न करून गेली, तिने हा किस्सा एकदाही सांगितला नाही.

एवढी घरं ज्या बाईने मोजली, ती स्वतः भाड्याच्या दोन खोल्यांत राहायची. ती फाटलं-उसवलं शिवून द्यायची, कपडे मापात करून द्यायची. शिवणयंत्र ठेवलेलं होतं न्हाणीघराकडे जायच्या बोळकंडीत, कारण दुसरीकडे जागाच नव्हती. कोणाला न्हाणीघरात जायचं झालं की हातातली शिवण थांबवून यंत्र ओढायचं, माणूस गेला की परत लोटायचं, आणि तो बाहेर आला की पुन्हा तेच. तिथे खिडकी नव्हती. भर दुपारीही डोक्यावर दिवा लागे. चावीवाला वाईट माणूस नव्हता, आणि तेच अवघड होतं, कारण वाईट माणसाशी निदान भांडता येतं. घराचा विषय निघाला की हा आपणहूनच समजुतीने म्हणायचा, की योग्य वेळ येऊ दे, मी ह्याच धंद्यात आहे, आपलं घर माझ्या नजरेतून सुटणार आहे का. एजंटाने चांगलं दिसलं पाहिजे म्हणून गाडी झाली, बूट झाले, हातातलं घड्याळ झालं. घराची वेळ काही येईना.

मग घड्याळजींचं घर विकायला आलं.

एका गल्लीच्या टोकाचं बैठं, जुनं घर. मालक घड्याळं दुरुस्त करणारे एक वयस्क गृहस्थ. डोळे अधू झाले, बायको राहिली नाही, म्हणून आता लेकीकडे राहायला निघाले होते. भिंतीभर घड्याळं टांगलेली, ती उतरवायला मदत हवी म्हणून शनिवारी चावीवाला बायकोला घेऊन गेला. काम करता करता ती मागच्या खोलीत पोचली, आणि तिथून तिचा पाय निघेना. पूर्वेला रुंद खिडकी, खिडकीखाली भिंतीतच पक्कं बसवलेलं लाकडी टेबल, त्यावर उजेड असा पडलेला की सुईत दोरा डोळे मिटून ओवावा. कोपऱ्यात भिंतीला ओल होती. नळाला पाणी कमी होतं, ते तिने कान देऊन आधीच ओळखलं होतं. असल्या खोडी तिला दुसऱ्याच्या घरात ताबडतोब दिसायच्या. इथेही दिसल्या, पण त्यांचं तिला काहीच वाटलं नाही.

घड्याळजी मागून आले आणि टेबलावर हात फिरवत सांगायला लागले, की हे काही उचलून नेता येत नाही, भिंतीचाच भाग आहे, पुढचा मालक बहुतेक फोडूनच टाकेल. मग तिच्याकडे बघून म्हणाले, "तुम्हाला शिवणकाम येतं ना? बोटांवरून कळतं. तुम्हीच का घेत नाही?"

ती नुसती हसली. पण त्या संध्याकाळी घरी आल्यावर, लग्नाला इतकी वर्षं झाल्यानंतर, तिने पहिल्यांदा नवऱ्यापाशी तोंड उघडून काही मागितलं.

"अहो, हे घर आपण घेऊ. मला ती मागची खोली हवी आहे."

चावीवाल्याने मनातल्या मनात हिशेब केला, गाडी विकली तर जमेल, थोडं कर्ज काढावं लागेल, असं तो स्वतःच म्हणाला. मग म्हणाला, की घेऊ. खरंच म्हणाला, उगीच बोळवण करायला नाही. एकच अडचण होती. रविवारी घर खुलं ठेवायचं घड्याळजींच्या लेकीला आधीच कबूल केलं होतं, पाटी लागली होती, ते टाळता येणार नव्हतं. तर मग आपण ते मुद्दाम ढिसाळ करू, असं त्याने सुचवलं. खिडक्या बंद ठेवू, दिवे लावायचे नाहीत, ओल उघडी राहू दे. तू नेहमीसारखी पहिली ये, फक्त या वेळी नाक मुरड. दोन-चार जणांनी नाक मुरडलं की बाकीचे दारातूनच परत फिरतात. सोमवारी मी घड्याळजींना जाऊन सांगतो, की गिऱ्हाईक मिळालं, आणि ते आम्हीच आहोत.

त्या रात्री तिला झोप लागली नाही. इतकी वर्षं न आवडलेल्या घरांना छान म्हणायचं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आवडलेल्या घराला नावं कशी ठेवायची, ते ती पडल्या पडल्या घोकत होती.

सकाळी भांग पाडायला उठली, तर भिंतीवर आरसा नव्हता.

तिला वाटलं, सवयीने नेला असेल. एक थांबा आधी उतरून ती चालत निघाली आणि गल्लीच्या तोंडाशीच थबकली. कोपऱ्याकोपऱ्यावर बाण लावलेले. फाटकावरची पाटी पुसून स्वच्छ केलेली. घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या, पडदे दोन्ही बाजूंना सारखे ओढलेले, आणि आत प्रत्येक दिवा लागलेला. घर इतकं सुंदर आजवर कधी दिसलं नसेल. मागच्या खोलीत ओलीवर त्यांच्याच घरातला आरसा टांगला होता.

तिने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं आणि हळू आवाजात विचारलं, हे काय. तो ओशाळला. म्हणाला, "हाताला सवय गं. खिडक्या बंद ठेवून दारात उभं राहायला मला लाज वाटायला लागली. तू नाक मुरड, तेवढं पुरेल."

लाज. बायकोला परक्या बाईसारखं मॅडम म्हणताना ज्याला इतकी वर्षं लाज वाटली नाही, त्याला बंद खिडक्यांची वाटली. पण बोलायला वेळ नव्हता. फाटकाशी माणसं आली होती, आणि पहिली पाहुणी आत आहे म्हटल्यावर ती बिनधास्त आत शिरत होती.

तिने जमेल तेवढं केलं. नळ सोडला आणि म्हणाली, की पाण्याला अजिबात जोर नाही. छत ठेंगणं आहे म्हणाली. मागच्या खोलीत ओल आहे, आरशामागे बघा, असंही एका गृहस्थांना सरळ सांगितलं. त्यांनी आरसा उचलून बघितला आणि ते निघून गेले. त्यांच्या मागोमाग आणखी काही जण गेले. तिच्या जिवात जीव आला. घर रिकामं होत चाललं, तशी ती पुन्हा मागच्या खोलीत गेली. तिथे कोणी नव्हतं.

आता तिने जे केलं ते तिला करायला नको होतं, पण कोणत्या तोंडाने तिला बोल लावायचा. तिने पर्समधून टेप काढली आणि टेबल मोजलं. यंत्राची लांबी तिला पाठ होती. यंत्र मावत होतं, शेजारी कापडाचा गठ्ठा मावत होता, कात्री ठेवायला जागा उरत होती. ती स्टुलावर बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

दारातून एक बाई बघत होती. पोटुशी, चेहरा दमलेला, नवरा खोलीबाहेरच्या बोळात मागे राहिलेला. तिला पहिल्या पाहुणीची पाठच दिसायला हवी होती. पण ओलीवरच्या त्या आरशात तिला समोरून तिचा चेहरा दिसला. इतकी वर्षं तो आरसा लोकांच्या नजरेपासून भिंत लपवायचा. त्या दिवशी त्याने चावीवाल्याच्या घरातली एकच गोष्ट उघडी केली.

ती बाई मागे सरकली आणि बोळात नवऱ्याला म्हणाली, "बाहेर नावं ठेवत होती ना ती, आत बसून माप घेते आहे. तिला हवंय हे घर. चेहरा बघ तिचा. आत्ताच बोलून टाक, नाहीतर ती घेईल."

पहिल्या पाहुणीने शब्दन् शब्द ऐकला. टेप हातात घेऊन ती तशीच पुढच्या खोलीत आली. त्या बाईचा नवरा चावीवाल्याशी बोलत होता. भाव करत नव्हता, घासाघीस नाही, उद्याचा वायदा नाही. आहे त्या किमतीला, आज, आत्ता. दारात अजून तीन-चार माणसं उभी होती आणि हे ऐकून ती सगळी चावीवाल्याकडे बघत होती. इतक्या झटपट, इतक्या सुरेख रीतीने घर आजवर त्यानेही विकलं नव्हतं.

त्याने बायकोकडे बघितलं. बघितलं नाही असं त्याला कधीच म्हणता येणार नाही. एक वाक्य पुरलं असतं, की माफ करा, ह्या घराचा शब्द आधीच दिला गेला आहे. खोटंही बोलावं लागलं नसतं. बायकोलाही एक वाक्य पुरलं असतं, की मी ह्यांची बायको आणि घर आम्ही घेतो आहोत. तिचे ओठ हलले. पण रविवारी सकाळी ह्या माणसाला ओळख द्यायची नाही, हे तिच्यात इतकं मुरलं होतं, की आवाज फुटेना. ती गिऱ्हाइकासारखी उभी राहिली, आणि गिऱ्हाईक समोर दिसल्यावर चावीवाल्याच्या तोंडून नेहमीचं वाक्य आलं.

"उशीर केलात मॅडम. विचार करत बसलं की घर जातं."

"हो का," ती म्हणाली. टेप गुंडाळून तिने पर्समध्ये टाकली. पायरी उतरताना मागून त्या पोटुशा बाईचा आवाज आला, की मागच्या खोलीतलं टेबल आधी फोडून काढू, तिथे पाळणा चांगला बसेल. ती एक थांबा पुढे चालत गेली आणि तिथून बस घेतली. त्या दिवशी एवढं चालत जायची काही गरज नव्हती.

संध्याकाळी चावीवाला आरसा काखेत मारून घरी आला. आरसा भिंतीवर टांगता टांगता त्याने सगळी कारणं सांगितली. एजंटानेच घर घेतलं म्हटलं तर बाजारात नाव जातं. म्हातारा उद्या म्हणाला असता, की मला फसवलं. ओल दर पावसाळ्यात वाढली असती. गाडीशिवाय धंदा कसा करणार. सगळी कारणं खरी होती, आणि सगळी त्याला शनिवारीही माहीत होती. ती ऐकत होती. मग त्याचा चेहरा खुलला.

"पण तू आज कमाल केलीस हं. बाहेर नावं ठेवायची आणि आत जाऊन माप घ्यायचं, हे मला जन्मात सुचलं नसतं."

"मी खरं माप घेत होते," ती म्हणाली.

"म्हणूनच तर त्यांना पटलं."

त्याने हे दुखवायला म्हटलं नाही. कौतुकानेच म्हटलं. ती उठली, यंत्र ओढून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्याने बाहेरून विचारलं, की बरं वाटत नाही का. पाण्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे तिला ऐकू आलं नसेल असं तो धरून चालला.

पुढच्या रविवारी ती गेली. कोणाला वाटेल, गेली नसेल, चार लोकांत नवऱ्याचं पितळ उघडं पाडलं असेल. तसं काही घडलं नाही. ती गेली, एक थांबा आधी उतरली, बाहेर नावं ठेवली आणि आत जाऊन माप घेतलं, कारण आता तेच ठरलं होतं. नवी युक्ती उत्तम चालली. धंद्यातले लोक चावीवाल्याला विचारायचे, की तुमची पहिली पाहुणी एवढा बोलका चेहरा करते तरी कसा. तो म्हणायचा, तिला उपजतच आहे.

काही वर्षांनी त्याने खरोखर घर घेतलं. शब्द पाळणारा माणूस म्हणून तो स्वतःवर खूश होता. नव्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, मोठ्या खिडक्या, भिंती कोरड्या ठणठणीत. सही करण्याआधी तो तिला दाखवायला घेऊन गेला आणि दारात थांबून म्हणाला, तू आधी जा. ती आत गेली. स्वयंपाकघरात नळ सोडला आणि म्हणाली, पाण्याला जोर आहे. झोपायच्या खोलीत टेप काढून भिंत मोजली. एका खोलीत पूर्वेचा उजेड भरून आला होता, तिथे ती थोडा वेळ उभी राहिली आणि काय वाटतं ते शोधलं. काहीच सापडलं नाही. जे होतं ते सगळं तिने रविवारी रविवारी लोकांना देऊन टाकलं होतं.

"आवडलं?" त्याने विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "असं घर रोज मिळत नाही."

हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं होतं. ह्याच आवाजात, ह्याच ठिकाणी किंचित थांबून म्हटलेलं. त्याच्या जोरावर त्याने गावभर घरं विकली होती, आणि त्यात अक्षरही खरं नसतं हे जगात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तो आनंदाने हसला आणि खाली जाऊन सही करून आला.

आता ती दोघं तिथेच राहतात. चावीवाला आल्यागेल्याला हौसेने घर दाखवतो, पूर्वेची खोली तर आवर्जून, आणि ती रिकामी का म्हणून लोक विचारतात. सामान नेऊन टाकणाऱ्या माणसांनी यंत्र कुठे ठेवायचं असं विचारलं, तेव्हा तिने न्हाणीघराला जायच्या बोळकंडीकडे बोट दाखवलं होतं. ते अजून तिथेच आहे. नवऱ्याला आत जायचं असलं, की ती दिव्याखालची शिवण थांबवून ते ओढते.